बचत गट सैल का पडतो आणि घट्ट कशाने होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे : एका गावात बारा जणींचा बचत गट दोन वर्षांपासून चालू आहे. दरमहा प्रत्येकी १०० रुपये बचत होते. बँकेचे कर्ज मिळेपर्यंत सगळ्या जणी बैठकीला येत असत. कर्ज वाटून झाल्यापासून पाच-सहा जणीच येतात आणि बाकीच्या जणी मुलांच्या हाती पैसे पाठवतात. सर्व काम अध्यक्ष आणि सचिव या दोघींवर पडले आहे. एकीचे महत्त्व सांगणारी व्याख्याने झाली, देवदर्शनाची सहलही झाली, पण फरक पडला नाही. गटात खरी एकी आणण्यासाठी काय करावे, असे अध्यक्षताईंनी विचारले आहे.

ताई, तुमच्या गटात भांडण झालेले नाही, पैसा बुडालेला नाही, आणि तरीही गट सैल पडला आहे. ग्रामीण भागात गट बांधण्याचे काम दीर्घकाळ केल्यावर मी असे म्हणेन की बहुतेक गट याच रीतीने मावळतात. मोठ्या भांडणाने फुटलेला गट निदान सगळ्यांच्या लक्षात तरी येतो. तुमच्याकडे जे झाले त्याचे कारण सरळ आहे. कर्ज मंजूर करताना बँक गटाची हजेरी, बचतीची नियमितता, अंतर्गत कर्जाची (गटाच्या बचतीतून सदस्यांना दिलेल्या कर्जाची) परतफेड आणि लेखे पाहते, त्यामुळे कर्ज मिळेपर्यंत प्रत्येकीच्या हजर राहण्याला किंमत होती. कर्ज हाती आल्यावर उरले ते हप्ता भरण्याचे काम, आणि ते मुलाच्या हातूनही होते. ज्या येत नाहीत त्यांना आळशी ठरवण्याआधी तुमच्या मागील तीन-चार बैठकींचे इतिवृत्त काढून वाचा. सर्वांनी मिळून ठरवावे असे त्यांत काही होते का, हे पाहा. बहुधा प्रत्येक पानावर ‘बचत जमा केली, हप्ता भरला, सभा संपली’ एवढेच सापडेल.

नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे याच कामातून गटांसाठी पंचसूत्री रुळली : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशोब. पुढे २०११ मध्ये सुरू झालेल्या उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात तिची दशसूत्री झाली आणि आरोग्य, शिक्षण, पंचायतराज संस्थांमधील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ व शाश्वत उपजीविका ही सूत्रे जोडली गेली. पहिल्या पाच सूत्रांकडे नीट पाहिले तर ती सर्व हाताने करायची, डोळ्यांनी दिसणारी कामे आहेत. माझे अनुभवाचे मत असे की गटातील एकी ही या कामांच्या पद्धतीतून येते, आणि ती पद्धत बिघडली की कितीही सहली काढल्या तरी परत येत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी पद्धतीपासूनच सुरू करते.

पहिली गोष्ट पैशाची. बैठक गोलात बसून व्हावी आणि जमा होणारी रक्कम मध्यभागी सतरंजीवर ठेवली जावी. प्रत्येकीने आपली बचत, हप्ता आणि व्याज किती ते मोठ्याने सांगून पैसे ठेवावेत, शेजारणीने ते मोजावेत, आणि पासबुकातील नोंद तिथेच, त्याच वेळी व्हावी. शेवटी सचिवाने मागील शिल्लक, आजची जमा, आज दिलेले कर्ज आणि आजची शिल्लक हे चार आकडे वाचून दाखवावेत आणि मग लिहिता-वाचता न येणाऱ्या एखाद्या सदस्याला विचारावे की आज शिल्लक किती राहिली. तिला सांगता आले तर बैठक झाली असे समजावे. हे सोपस्कार वेळखाऊ वाटतात, आणि ‘आमचा एकमेकींवर विश्वास आहे, मोजायचे काय’ असे म्हणून ते बंद करण्याकडे चांगल्या गटांचाही कल असतो. पण ज्या गटात मोजणे बंद होते, तिथे वर्षभरात कुजबुज सुरू होते, आणि मग अतिशय प्रामाणिक सचिवालाही स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

अलीकडे यात एक नवी अडचण आली आहे. बचत फोनवरून थेट सचिवाच्या खात्यात पाठवली जाते. सोय म्हणून ते ठीक वाटते, परंतु गटाचा पैसा एका व्यक्तीच्या खात्यात, तिच्या घरखर्चाच्या पैशांत मिसळतो, आणि बाकीच्या जणींना तो दिसतच नाही. फोनवरून पैसे द्यायचेच असतील तर ते गटाच्या बँक खात्यातच जावेत आणि तरीही बैठकीत त्यांचा उच्चार व्हावा, असा ठराव करून घ्या.

हिशोब समजण्याचा दुसरा फायदा असा की बाईला गट आपला वाटू लागतो. तुमच्या गटाची मूळ बचतच पाहा. बारा जणींचे दरमहा १,२०० रुपये, म्हणजे दोन वर्षांत २८,८०० रुपये. हा आकडा तुमच्या किती जणी न बघता सांगू शकतील? समजा एकीने गटातून ५,००० रुपये शेकडा २ रुपये मासिक व्याजाने घेतले आणि दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडले, तर घटत्या शिल्लकीवर दहा महिन्यांत ५५० रुपये व्याज होते. तेच कर्ज सावकाराकडून शेकडा ५ ने, पूर्ण रकमेवर व्याज धरून घेतले तर दहा महिन्यांचे व्याज २,५०० रुपये होईल. आणि गटातले ५५० रुपये गटातच राहतात, त्यात तिचाही वाटा असतो. हे गणित खडूने जमिनीवर मांडून दाखवावे. एकीची महती सांगणाऱ्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त पोहोचते.

तुमच्या गटात बँकेच्या कर्जामुळे अंतर्गत कर्जव्यवहार थांबला असावा असा माझा अंदाज आहे. तो पुन्हा सुरू करणे हा तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा उपाय आहे, कारण गटाला खरोखर विचार करायला लावणारा प्रश्न एकच असतो : पैसे थोडे आहेत आणि मागणाऱ्या चौघी आहेत, तर आधी कोणाला द्यायचे? हा प्रश्न कसा सोडवला जातो यावरून मी गटाची प्रकृती ओळखते. सैल गटात जिचा आवाज मोठा, किंवा जी अध्यक्षांची नातलग, तिला आधी मिळते आणि उरलेल्या मान डोलावतात. घट्ट गटात आधी सर्वांच्या गरजा ऐकल्या जातात. कोणाला दवाखान्यासाठी हवे, कोणाला मुलीच्या फीसाठी, कोणाला बियाण्यासाठी, कोणाला शेळी घेण्यासाठी. त्यानंतर कोणाची गरज थांबू शकते आणि कोणाची नाही, हे मागणाऱ्यांसमोरच बोलले जाते. बोलण्याची सुरुवात नेहमी सर्वांत कमी बोलणारीपासून करावी आणि अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. अध्यक्षांनी आधी मत दिले की पुढची चर्चा बहुधा होकारापुरतीच उरते. हे पथ्य पाळणे कर्तबगार बाईला फार जड जाते, आणि तुमच्या पत्रावरून तुम्ही कर्तबगार आहात हे दिसते.

गप्प राहणे म्हणजे संमती असे कधीही धरू नये. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने मत मोजत नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. त्याच गावाने सभेच्या बरोबरीने अभ्यास गटाची पद्धत रुजवली. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, माहिती असणाऱ्याला बोलवायचे, उलटसुलट चर्चा करायची. निर्णय मात्र ग्रामसभेने करायचा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते, आणि त्यामागे बोलून-समजून निर्णय घेण्याची अनेक वर्षांची सवय होती. बचत गटाला एवढा विस्तार लागत नाही, पण तत्त्व जसेच्या तसे वापरता येते. मोठ्या रकमेचा किंवा कायमच्या नियमाचा विषय एका बैठकीत मांडावा आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यावा. मधल्या काळात बायका पाणवठ्यावर, शेतात, गिरणीवर बोलतात, आणि बैठकीत जे बोलायला धजत नाहीत ते तिथे बोलून मोकळ्या होतात. दुसऱ्या बैठकीत तेच मत उघडपणे येण्याची शक्यता बरीच वाढते. तरीही कोणाचा विरोध राहिला तर तो तिच्या नावानिशी इतिवृत्तात लिहावा. आपला विरोध नोंदला गेला आणि तरीही आपल्याला कोणी दूर केले नाही, हा अनुभव ज्या बाईला एकदा येतो ती गट सहसा सोडत नाही.

नियमांबद्दल एक उदाहरण महाराष्ट्राच्या पाणीप्रश्नातून देते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवायचा, भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, हे तिचे नियम होते. यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की नियम करताना सर्वांत दुबळ्या सभासदाकडे पाहिले गेले, आणि पाणी वाटायला बसण्याच्या आधी नियम झाले. तुमच्या गटातही बचतीची रक्कम सर्वांत गरीब सदस्याला सणासुदीच्या महिन्यातही झेपेल इतकीच असावी. ‘२०० करू, लवकर वाढेल’ असा आग्रह बरी परिस्थिती असलेल्या दोन-तीन जणींचा असतो. त्याला मान देऊन गरीब बाई गप्प बसते, दोन महिने थकते आणि लाजेने येणे बंद करते. तुमच्याकडे १०० रुपये कोणाला जड जात आहेत का, हे एकदा एकेकीला घरी जाऊन विचारा.

गैरहजेरीला दंड लावावा का, हे तुम्ही स्पष्टपणे विचारलेले नाही, पण हा विषय निघणारच. दंडावर माझा फारसा भरवसा नाही. दहा रुपये दंड असला की तो भरणारीला गैरहजर राहण्याचा परवानाच मिळाल्यासारखे होते आणि तिची रुखरुखही संपते. त्यापेक्षा बैठकीची वेळ तपासा. बहुतेक ठिकाणी वेळ गटांना मार्गदर्शन करणारी सहयोगिनी, सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) किंवा सचिव यांच्या सोयीने ठरलेली असते. कापूस वेचणी किंवा सोयाबीन काढणी चालू असताना दुपारी तीनची बैठक ठेवली तर मजुरी बुडवून कोण येईल? बीड, अहिल्यानगर भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिथल्या गटांनी जाण्याआधी आगाऊ बचत घ्यायची, परतल्यावर मोठी बैठक घ्यायची आणि त्या काळात कर्जाचे निर्णय फोनवर विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, असे नियम आधीच ठरवलेले बरे. मुलाच्या हाती पैसे पाठवण्याची सवलत मात्र बंद करा. आजारपण किंवा बाळंतपण असेल तर शेजारच्या सदस्याच्या हाती पैसे आणि निरोप दोन्ही यावेत. त्यामुळे निदान तिची अडचण तरी बैठकीत सांगितली जाते.

आता पदांविषयी. ‘सगळे आम्हा दोघींनाच करावे लागते’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक गटात ऐकू येते, आणि ते खरे असते, पण त्याची दुसरी बाजूही खरी असते. दप्तर एकीच्याच घरी, बँकेची वाट एकीलाच माहीत, अधिकाऱ्यांची ओळख एकीशीच, अशी स्थिती दोन वर्षे राहिली की बाकीच्या दहा जणींना न करण्याची सवय लागते. यावर मी पदे लगेच बदला असे सांगत नाही. घाईने बदललेले पदाधिकारी गोंधळतात आणि जुन्याच जणी मागून कारभार करतात. त्याऐवजी दर महिन्याला बँकेत जाताना एक वेगळी सदस्य बरोबर घ्या. सही दोघींची असली तरी स्लिप भरणे, रांगेत उभे राहणे, पासबुक छापून घेणे हे तिने करावे. बैठकीचे निमंत्रण देणे, सतरंजी-दप्तराची व्यवस्था, मागील इतिवृत्ताचे वाचन ही कामे आळीपाळीने द्या. वर्षभरात प्रत्येकीचे एकदा तरी बँकेत जाणे झाले की पदबदल हा नुसता ठराव राहतो, त्याचे भय उरत नाही. लिहिणारी सदस्य नसेल तर एखादीची शाळेत जाणारी मुलगी लिहून देते, हे चालवून घ्या, पण लिहिलेले वाचून दाखवल्याशिवाय कोणाचाही अंगठा घेऊ नका.

थकबाकीचा प्रश्न तुमच्याकडे अजून आलेला दिसत नाही, पण येईल, आणि गटाची खरी परीक्षा तेव्हाच होते. हप्ता न आल्यावर पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : देणे शक्य नाही, की देण्याची इच्छा नाही. पहिल्या प्रकारात हप्ता लहान करून मुदत वाढवणे हे गटाच्या अधिकारात आहे आणि ते उघडपणे, ठराव लिहून करावे. अध्यक्षांनी परस्पर ‘पुढच्या महिन्यात दे’ असे सांगू नये, कारण मग तीच सवलत न मिळालेली दुसरी बाई दुखावते. दुसऱ्या प्रकारात गटाने ठाम राहावे. कोणत्याही परिस्थितीत सगळ्या मिळून तिच्या दारात जाऊन बसू नका. खासगी कंपन्यांचे कर्ज घेणारे जे ‘फायनान्सचे ग्रुप’ आज गावोगाव दिसतात, तिथे हप्ता थकला की उरलेल्या बायकांवर वसुलीचे ओझे टाकले जाते आणि शेजारणी-शेजारणींची बोलचाल कायमची बंद होते. तुमच्याही गटातील काही जणींच्या डोक्यावर असे दुसरे कर्ज असण्याची दाट शक्यता आहे. तो विषय लपवण्याचा न ठेवता, एका बैठकीत प्रत्येकीने आपले बाहेरचे देणे स्वतःहून सांगावे असा प्रयत्न करा. सुरुवात तुम्ही स्वतःच्या देण्यापासून केलीत तर इतरांना सोपे जाईल.

यापेक्षा अवघड गोष्टींवर गटात बोलणे होत नाही आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांतही त्या ओझरत्याच येतात. सासू आणि सून एकाच गटात असतील तर सून कर्जाच्या चर्चेत तोंड उघडत नाही. एका कुटुंबातून एकच सदस्य हा नियम अशा वेळी उपयोगी पडतो आणि संख्या भरावी म्हणून तो मोडू नये. जातीचा विषयही असाच. वस्तीवार गट केले की ते बहुधा एकाच जातीचे होतात, आणि अशा गटांत जमवून घेणे तुलनेने सोपे असते हे मान्य करायला हवे. पण तुमच्या गटात दोन वस्त्यांतील बायका असतील तर बैठक आळीपाळीने प्रत्येकीच्या घरी घेऊन पाहा. कोणाच्या घरी बैठकीला हजेरी कमी होते आणि कोणाच्या घरचा चहा नको असतो, हे दोन-तीन महिन्यांत कळते. ते कळल्यावर बैठक मंदिरात किंवा अंगणवाडीत हलवून विषय टाळता येतो, आणि बरेच गट तसेच करतात. माझ्या मते ते योग्य नाही. जिच्या घरी यायचे टाळले तिच्या हे लक्षात येते, आणि ती पुढे गटात हिशोबापुरतीच उरते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाबाबतही माझे मत अनेकींना रुचत नाही. गटाने गटाच्या नावाने हळदीकुंकू करायचे आणि गटातील विधवा सदस्याने त्या दिवशी कोपऱ्यात बसायचे किंवा घरीच राहायचे, हे सहकार्याच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव झाला म्हणून रीत एका दिवसात बदलत नाही, हेही खरे. पण बारा जणींच्या गटाला ग्रामपंचायतीची वाट पाहण्याची गरज नाही. तिळगूळ सर्वांना आणि कुंकू लावायचे तर सर्वांना, नाहीतर तो कार्यक्रम गटाच्या नावाने नको, एवढा ठराव तुम्ही करू शकता. तुमच्या गटात अशी सदस्य असेल आणि ती बैठकीला येत नसेल, तर कारण कर्जाच्या हिशोबात शोधण्याआधी इथे शोधा.

तुम्ही लगेच काय करावे, ते सांगते. पुढच्या बैठकीत कोणालाही गैरहजेरीबद्दल बोल लावू नका. त्याआधी न येणाऱ्या सहा-सात जणींच्या घरी स्वतः जा, बरोबर सचिव नको, एखादी साधी सदस्य घ्या, आणि फक्त वेळ, रक्कम व अडचण या तीन गोष्टी विचारा. बैठकीत पूर्ण दोन वर्षांचा हिशोब मांडा, ज्यात बचत, जमलेले व्याज, बँकेचे देणे आणि हाती शिल्लक किती हे असेल. शिल्लक रकमेतून लहानसे का होईना, एक अंतर्गत कर्ज त्याच बैठकीत चर्चेने मंजूर करा, कारण ठरवण्यासारखे काही आहे हे दिसल्याशिवाय माणसे येत नाहीत. वेळ नव्याने ठरवा. दिवाळीला सगळा पैसा वाटून घेऊ, अशी मागणी निघाली तर मुद्दल हलवू नका. वाटायचेच असेल तर बँकेचे देणे बाजूला काढून व्याजातील काही भाग वाटा.

या सगळ्यानंतरही एक-दोघींना राहायचे नसेल तर त्यांना अडवू नका. त्यांची थकबाकी वळती करून, जमा बचत आणि ठरलेला व्याजाचा वाटा बैठकीत सर्वांसमोर मोजून द्या, पावती घ्या आणि ठरावात त्यांच्या जाण्याचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. बारातून दोघी गेल्या तर दहा उरतात, आणि सर्वसाधारण गटासाठी दहा हीच किमान संख्या मानली जाते, तेव्हा नवीन सदस्य घेण्याचा विचार त्याच बैठकीत करावा लागेल. नव्या सदस्याने मागील दोन वर्षांची २,४०० रुपये बचत एकदम भरावी, हप्त्यांनी भरावी, की तिचे खाते आजपासून वेगळे धरून व्याजाचा वाटा त्या प्रमाणात द्यावा, हे ती येण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. गरीब घरातील बाई घ्यायची असेल तर तिसरा मार्ग मी सुचवेन.